पाच लाख नव्वद हजार एक: मोठ्या संख्येचे अवयव पाडायला शिकताना

बेळगावच्या मुख्य टपाल कचेरीचा पिनकोड ५९०००१ आहे. राखीच्या पाकिटापासून बँकेच्या अर्जापर्यंत तो आपण इतक्या वेळा लिहिलेला असतो, की ती पाच लाखांवरची एक भरभक्कम पूर्ण संख्या आहे हे कधी मनातही येत नाही. ही संख्या कोणत्या संख्यांच्या गुणाकारातून बनली आहे, तिला किती विभाजक आहेत, ती वर्गसंख्या आहे का, चिकोडीच्या ५९१२०१ शी तिचे काही नाते आहे का, हे सगळे प्रश्न वही-पेन्सिल घेऊन सोडवता येतात आणि त्यासाठी आठवीपर्यंतचे गणित पुरते. शाळा सुटल्यावर गणिताची वही पुन्हा न उघडलेल्यांसाठी, आणि ज्यांची मुले आता ती उघडून बसली आहेत अशा पालकांसाठी, हा लेख आहे.

पिनकोड ही खरे तर संख्या नव्हे, ती खूण आहे. बेळगाव आणि निपाणीच्या कोडांची बेरीज करून कोणत्याही गावाला पत्र पोहोचत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीत पहिला अंक मोठा विभाग दाखवतो, पहिले तीन अंक टपालाची छाननी कोणत्या जिल्ह्यात व्हायची ते सांगतात आणि शेवटचे तीन अंक बटवड्याचे कार्यालय सांगतात. म्हणूनच आपल्याकडचे कोड ५९० किंवा ५९१ ने सुरू होतात आणि चंदगड-गडहिंग्लजकडे वळले की लगेच ४१६ लागते. पण सरावासाठी पिनकोडासारखी दुसरी संख्या नाही: ती सर्वांना पाठ असते, सहा अंकी असल्यामुळे नजरेने उलगडत नाही, आणि तरीही एका संध्याकाळी हाताने सुटते.

साहित्य थोडे लागते. चौकटींची वही घ्यावी, कारण अंक एकाखाली एक आले नाहीत की निम्म्या चुका तिथेच होतात. त्याखेरीज ८०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी लागेल. ती विकत किंवा उतरवून घेण्यापेक्षा स्वतः तयार करावी: २ ते ८०० अंक मांडावेत, २ सोडून २ च्या पटीतले सर्व खोडावेत, मग ३ सोडून ३ च्या पटीतले, मग ५, ७ असे २३ पर्यंत करीत जावे, आणि जे उरेल ती यादी. जिला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या. शेजारच्या कन्नड शाळेतली मुले तिलाच ‘अविभाज्य संख्ये’ म्हणतात, आणि जुन्या मराठी पुस्तकांतही अविभाज्य हा शब्द सापडतो, तेव्हा घरात दोन्ही शब्द ऐकू आले तर गोंधळू नये.

पहिली पायरी: संख्या नीट वाचणे

५,९०,००१ म्हणजे पाच लाख नव्वद हजार एक. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण सीमाभागात ती नाही. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारला जातो, त्यामुळे ९१ हे ‘एक्क्याण्णव’ होते; कन्नडमध्ये तेच ‘तोंबत्तोंदु’, म्हणजे आधी नव्वद आणि मग एक. ५९ ला आपण ‘एकोणसाठ’ म्हणतो, म्हणजे साठाला एक कमी, तर कन्नडमध्ये सरळ ‘ऐवत्तोंबत्तु’, पन्नास आणि नऊ. वर्गात मराठी आणि बाजारात कन्नड आकडे ऐकणारी मुले ‘एक्क्याण्णव’ ऐकून आधी १ लिहितात आणि मग अडखळतात, हे मी शिकवताना पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून मोठी संख्या कोणी तोंडी सांगितली तर ती लिहून पुन्हा वाचून दाखवावी आणि मगच गणिताला हात घालावा. अंकांची अदलाबदल झालेली संख्या ही वेगळीच संख्या असते आणि तिचे अवयवही वेगळेच निघतात.

दुसरी पायरी: वर्गमूळ काढून मर्यादा ठरवणे

नवशिके ही पायरी गाळतात आणि पुढे त्याचा पश्चात्ताप करतात. संख्या जर दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्या दोन्ही वर्गमूळापेक्षा मोठ्या असू शकत नाहीत, कारण तसे असते तर गुणाकार त्या संख्येच्या पुढे गेला असता. म्हणजे एक तरी अवयव वर्गमूळाच्या आत सापडलाच पाहिजे, आणि तिथपर्यंत काहीच सापडले नाही तर संख्या मूळ आहे असे बिनदिक्कत लिहावे.

वर्गमूळ जुन्या पद्धतीने काढू. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा: ५९, ००, ०१. ५९ मध्ये ७ चा वर्ग ४९ बसतो, बाकी १०. पुढची जोडी खाली घेतली की १००० होतात. ७ ची दुप्पट १४. तिच्यापुढे ६ लिहून १४६ ला ६ ने गुणले तर ८७६ येतात, बाकी १२४. शेवटची जोडी घेतली की १२४०१. आता ७६ ची दुप्पट १५२. तिच्यापुढे ८ लिहून १५२८ गुणिले ८ म्हणजे १२२२४, आणि बाकी १७७. म्हणून ७६८ चा वर्ग ५८९८२४ आहे, ५९०००१ त्याहून १७७ ने मोठी आहे, आणि ७६९ चा वर्ग ५९१३६१ असल्यामुळे ती त्याच्या आत आहे. आपली संख्या वर्गसंख्या नाही आणि शोधाची मर्यादा ७६८ आहे, या दोन गोष्टी एकाच मांडणीत मिळाल्या.

इथे एक गंमत लक्षात येते. बेळगाव ५९०००१, चिकोडी ५९१२०१, निपाणी ५९१२३७, खानापूर ५९१३०२, अथणी ५९१३०४ आणि गोकाक ५९१३०७ या सहाही संख्या ५८९८२४ आणि ५९१३६१ यांच्या मधल्या पट्ट्यात बसतात. लागोपाठच्या दोन वर्गांच्या मध्ये दुसरी वर्गसंख्या असूच शकत नाही, त्यामुळे या सहापैकी एकही वर्गसंख्या नाही आणि सहांनाही तीच ७६८ ची मर्यादा चालते. आमच्या भागात सीमा हा शब्द इतक्या सहज मिटणाऱ्या वादासाठी क्वचितच वापरला जातो.

७६८ च्या आत १३५ मूळ संख्या आहेत. आकडा भीतिदायक वाटला तरी घाबरू नये. बहुतेक वेळा काम फार आधी आटोपते.

तिसरी पायरी: शेवटचे अंक पाहणे

हे काम एका नजरेत होते. शेवटचा अंक सम असेल तर २ ने, ० किंवा ५ असेल तर ५ ने निःशेष भाग जातो. शेवटचे दोन अंक ४ ने आणि शेवटचे तीन अंक ८ ने भागले गेले तर अख्खी संख्या भागली जाते. अथणीच्या ५९१३०४ मधले ३०४ हे ८ च्या ३८ पट आहेत, म्हणून ती संख्या ८ ने भागली जाते आणि भागाकार ७३९१३ येतो. ५९०००१ ला मात्र २ आणि ५ दोन्ही लागू पडत नाहीत.

चौथी पायरी: अंकांची बेरीज आणि नवाचा ताळा

५, ९, ०, ०, ०, १ यांची बेरीज १५. पंधराला ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही, म्हणून ५९०००१ ला ३ ने एकदाच भाग जातो: ५९०००१ = ३ × १९६६६७. हे चालण्याचे कारण असे, की १०, १००, १००० या प्रत्येक संख्येला ९ ने भागले तर बाकी १ च उरते, त्यामुळे संख्येतला प्रत्येक अंक आपल्या स्थानाचा तोरा सोडून केवळ स्वतःच्या किमतीएवढी बाकी ठेवतो. १९६६६७ ची बेरीज ३५ आहे, तेव्हा ३ चा विषय इथे संपला.

याच बेरजेने गुणाकार तपासणे म्हणजे नवाचा ताळा. आपले आजोबा किराणाची वही मिटवण्यापूर्वी तो करीत असत. कॅल्क्युलेटर आल्यावर ती सवय गेली. पुढे तो उपयोगी पडणार आहे, म्हणून त्याची एक उणीव आत्ताच सांगून ठेवतो: दोन अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. १९६६६७ ऐवजी १९६६७६ लिहिले तरी बेरीज ३५ च राहते. अशा चुकीसाठी अकराचा ताळा लागतो, ज्यात उजवीकडून अंक आळीपाळीने मिळवायचे आणि वजा करायचे असतात. दोन्ही ताळे जुळले तर निर्धास्त व्हायला हरकत नाही.

पाचवी पायरी: तीन-तीन अंकांचे गट

लाख-हजारांचे आपले स्वल्पविराम या पायरीपुरते विसरावेत आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून १००० ला या तिघांपैकी कशानेही भागले तर १ कमी पडतो. याचा अर्थ असा की सहा अंकी संख्येच्या दोन गटांची वजाबाकी केली आणि त्या छोट्या संख्येला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला, तर मोठ्या संख्येलाही जातो. एकाच वजाबाकीत तीन कसोट्या उरकतात.

बेळगावसाठी ५९० − १ = ५८९. याला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने ६, १३ ने ४, तिन्ही बाद. चिकोडीसाठी ५९१ − २०१ = ३९०, आणि ३९० म्हणजे १३ × ३०. सापडला! चिकोडीच्या अंकांची बेरीज १८ आहे, म्हणजे ९ ने भाग जातो; ५९१२०१ ÷ ९ = ६५६८९, आणि ६५६८९ ÷ १३ = ५०५३. आता मर्यादाही आक्रसते, कारण ५०५३ चे वर्गमूळ ७१ च्या किंचित पुढे आहे. १३, १७, १९, २३, २९ जात नाहीत आणि ३१ जातो: ५०५३ = ३१ × १६३. म्हणून

५९१२०१ = ३ × ३ × १३ × ३१ × १६३.

चहा गार होण्याआधी चिकोडी सुटली. बेळगाव इतके सरळ नाही.

वजाबाकीऐवजी गटांची बेरीज केली तर ३७ ची कसोटी मिळते, कारण ९९९ = २७ × ३७. बेळगावची बेरीज ५९१ आणि ३७ × १५ = ५५५; बाकी ३६. हीही संधी गेली, आणि तीही एकाने हुकून.

सहावी पायरी: चिवट भागाकार

आता उरले १९६६६७. याचे वर्गमूळ ४४३ आणि ४४४ यांच्यामध्ये आहे, आणि ४४३ पर्यंत ८६ मूळ संख्या आहेत. त्यांपैकी २, ३, ५, ७, ११, १३ आणि ३७ बाद झाल्या. बाकीच्यांनी एकेक करून भागत जाणे याला आडवाट नाही. वहीत तीन रकाने आखावेत: भाजक, भागाकार, बाकी. बाकी शून्य नसली तरी ती लिहावी, कारण न लिहिलेला भागाकार नंतर केला होता की राहिला हे कोणालाच आठवत नाही. ९१, ११९, १३३, १४३, १६१, १८७ या संख्या मूळ असल्याचा आव आणतात, पण त्या ७ किंवा ११ च्या पटीतल्या आहेत. त्यांनी भागण्यात वेळ घालवू नये.

माझी स्वतःची फजिती इथेच झाली. अनेक वर्षांपूर्वी फळ्यावर ही संख्या सोडवताना मी भिंतीवरचा १ ते १०० मधल्या २५ मूळ संख्यांचा तक्ता वापरला, ९७ पर्यंत पोहोचलो, बाकी ४८ आली, आणि १९६६६७ ही मूळ संख्या आहे असे जाहीर करून खडू ठेवला. तक्ता संपला म्हणजे शोध संपला असे मी धरून चाललो होतो, वर्गमूळ काढलेच नव्हते. चार दिवसांनी नववीतली एक मुलगी वहीचे पान घेऊन आली. त्या पानावर पुढचे रकाने असे होते: १०१ ला भागाकार १९४७, बाकी २०, १०३ ला १९०९, बाकी ४०, १०७ ला १८३८, बाकी १. त्या १ भोवती तिने पेन्सिलीने गोल काढला होता आणि बाजूला ‘सर, थोडक्यात वाचली’ असे लिहिले होते. तशीच ती १०९, ११३, १२७ करीत १९१ पर्यंत गेली होती, जिथे भागाकार १०२९ आणि बाकी १२८. आणि त्याच्या पुढच्या ओळीत, १९३ समोर, भागाकार १०१९ आणि बाकी शून्य.

१९३ चा भागाकार पूर्ण मांडण्याचीही गरज नाही. १९३ × १००० = १९३०००; १९६६६७ मधून ते वजा केले की ३६६७ उरतात, आणि १९३ × १९ = ३६६७. मोठ्या भाजकांसाठी हीच रीत बरी: आधी सोयीची मोठी पट उचलावी आणि मग उरलेल्या लहान संख्येशी झगडावे.

१०१९ मूळ आहे का, हे वेगळे तपासावे लागत नाही. तिला छोटा अवयव असता तर तो १९६६६७ लाही असता आणि १९३ च्या आधीच सापडला असता. १९३ च्या आत काही नाही आणि १९३ × १९३ हे १०१९ च्या कितीतरी पुढे आहे. तेव्हा

५९०००१ = ३ × १९३ × १०१९.

आता ताळा. १९३ ची अंकबेरीज १३, म्हणजे ४; १०१९ ची ११, म्हणजे २; ४ × २ = ८, आणि १९६६६७ ची ३५, म्हणजे ८. नवाचा ताळा जुळला. अकराचा: १९३ वरून ३ − ९ + १ = −५, म्हणजे ६; १०१९ वरून ९ − १ + ० − १ = ७; ६ × ७ = ४२, बाकी ९; आणि १९६६६७ वरून ७ − ६ + ६ − ६ + ९ − १ = ९. तोही जुळला.

चिकोडी पाच मिनिटांत आणि बेळगाव एका संध्याकाळी, असे का व्हावे? दोन्ही संख्या जवळपास एकाच आकाराच्या आहेत. संख्या किती मोठी आहे यावर आपले श्रम फारसे ठरत नाहीत. तिचा दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मूळ अवयव किती दूर दडला आहे यावर ते ठरतात. चिकोडीत तो ३१ आहे, बेळगावात १९३. निपाणीची ५९१२३७ = ३ × ३ × १७९ × ३६७ ही याच कारणाने दमवते. खानापूरची ५९१३०२ = २ × ४१ × ७२११ मधली आहे: ४१ लवकर सापडतो, पण उरलेली ७२११ मूळ आहे याची खात्री करायला ८३ पर्यंत जावे लागते.

सातवी पायरी: अवयवांवरून गुणधर्म वाचणे

अवयव हाती आले की बाकीचे गुणधर्म जवळजवळ फुकट मिळतात. विभाजकांची संख्या हवी असेल तर प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणाकार करावा. बेळगावचे तिन्ही अवयव एकेकदाच येतात, म्हणून २ × २ × २ = ८ विभाजक: १, ३, १९३, ५७९, १०१९, ३०५७, १९६६६७ आणि ५९०००१. चिकोडीत ३ दोनदा येतो, म्हणून ३ × २ × २ × २ = २४ विभाजक.

विभाजकांची बेरीजही अशीच येते. बेळगावसाठी (१ + ३) × (१ + १९३) × (१ + १०१९) = ७,९१,५२०. यातून संख्या स्वतः वजा केली तर २,०१,५१९ उरतात, जे ५,९०,००१ पेक्षा पुष्कळ कमी आहेत. अशा संख्येला न्यून संख्या म्हणतात. ही बेरीज त्या संख्येएवढीच आली असती तर ती परिपूर्ण ठरली असती, जशी ६ (१ + २ + ३) किंवा २८ आहे. चोवीस विभाजक असूनही चिकोडीची बेरीज ३,६३,९३५ पर्यंतच जाते, म्हणजे तीही न्यूनच.

अवयव न पाडता काढायचा मसावि

दोन मोठ्या संख्यांचा मसावि (महत्तम साधारण विभाजक) काढायला आधी त्यांचे अवयव पाडावेत असे शाळेत शिकल्यामुळे बहुतेकांना वाटते. ते टाळावे. युक्लिडची रीत म्हणजे भागत जाणे आणि प्रत्येक वेळी बाकीला भाजक करणे. ५९१२०१ मधून ५९०००१ गेले, बाकी १२००. ५९०००१ ला १२०० ने भागले, बाकी ८०१. १२०० ला ८०१ ने, बाकी ३९९. ८०१ ला ३९९ ने, बाकी ३. ३९९ ला ३ ने निःशेष भाग जातो. बेळगाव आणि चिकोडी यांचा मसावि ३. एका संध्याकाळचे काम पाच ओळींत झाले, आणि १९३ शोधावाच लागला नाही.

शंभर-दोनशे अंकी संख्यांतही हा फरक टिकून राहतो: संगणकाला त्यांचा मसावि क्षणात मिळतो, पण सोयीचा छोटा अवयव नसलेल्या अशा संख्येचे अवयव पाडणे महिन्यांचे काम होऊ शकते. इंटरनेटवरचे काही संदेश याच विषमतेच्या भरवशावर कुलूपबंद केलेले असतात.

कापरेकरांची वजाबाकी

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६) यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा शोध लावला. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेले की, चारही अंक सारखे नसतील तर, शेवटी ६१७४ येतेच. सहा अंकांत मात्र शेवट एकच नसतो. बेळगाव घेऊन पाहू. अंक कमी पडले तर शून्य धरावे.

९५१००० − ०००१५९ = ९५०८४१
९८५४१० − ०१४५८९ = ९७०८२१
९८७२१० − ०१२७८९ = ९७४४२१
९७४४२१ − १२४४७९ = ८४९९४२
९९८४४२ − २४४८९९ = ७५३५४३
७५५४३३ − ३३४५५७ = ४२०८७६

यापुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांच्या या फेऱ्यात एकदा शिरलेली संख्या बाहेर पडत नाही. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशी दोन स्थिर ठिकाणेही आहेत, पण बेळगावच्या नशिबी फेरा आहे. चिकोडीने सुरुवात केली तर पहिली वजाबाकी ९५२११० − ०११२५९ = ९४०८५१ येते. तिचे अंक बेळगावच्या ९५०८४१ मधलेच आहेत, त्यामुळे दुसऱ्या ओळीपासून दोघांची वाट एकच होते.

हा खेळ अवयवांविषयी काही सांगत नाही, हे स्पष्ट केलेले बरे. अंकांचा क्रम बदलून केलेली प्रत्येक वजाबाकी ९ ने भागली जाते, एवढाच त्यातला हमखास धागा, आणि तो ताळ्यासाठी वापरावा: एखाद्या ओळीची अंकबेरीज ९ च्या पटीत नसेल तर ती ओळ चुकली आहे.

बारा अब्जांची संख्या, हाताने

सहा अंकांचा सराव झाला की अकरा अंकांना हात घालावा, आणि त्यासाठी कर्नाटकातच एक उत्तम नमुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्या राजाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. या ग्रंथात महावीराचार्यांनी माळेसारख्या दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या संख्या दिल्या आहेत, आणि त्यांपैकी एकीचे वर्णन एकापासून सहापर्यंत चढत जाऊन क्रमाने उतरणारी असे आहे: १२३४५६५४३२१. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,५४,३२१, म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस.

पाचवी पायरी आठवा आणि तीन-तीनचे गट पाडा: १२, ३४५, ६५४, ३२१. उजवीकडून आळीपाळीने: ३२१ − ६५४ + ३४५ − १२ = ०. शून्य आले म्हणजे ७, ११, १३ या तिघांनीही भाग जातो. गटांची बेरीज १३३२, तिचे पुन्हा गट पाडून १ + ३३२ = ३३३, आणि ३३३ = ९ × ३७; म्हणजे ९ आणि ३७ नेही जातो. प्रत्यक्षात ही संख्या सहा एक्क्यांच्या, म्हणजे ११११११ या संख्येचा वर्ग आहे. एक्के मोजताना हात सहज घसरतो, म्हणून सारख्या अंकांची रांग लिहिताना पेन्सिलीने त्यांखाली टिंबे देऊन मोजावे. ११११११ = १११ × १००१ = ३ × ३७ × ७ × ११ × १३, आणि वर्ग केल्यावर प्रत्येक अवयव दोनदा येतो. विभाजक ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३. ही संख्या विषम आहे, आणि ती असायलाच हवी: विभाजक जोडीजोडीने येतात, फक्त वर्गसंख्येत वर्गमूळ एकटे उरते.

बेळगावच्या वीस हजार पटीहून मोठी असूनही ही संख्या अर्ध्या पानात सुटली, कारण तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव ३७ आहे. दुकानातल्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर ती मावते. त्यापुढच्या संख्यांना तो शेवटचे अंक गिळतो, आणि अवयवांच्या कामात शेवटचा अंक गेला की सगळेच गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १, लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. तिथे वहीचे काम नाही.

सरावासाठी गोकाक, ५९१३०७. मर्यादा ७६८ च आहे, अंकबेरीज २५, गटांची वजाबाकी २८४, म्हणजे ३, ७, ११, १३ पैकी काहीही लागू नाही. पुढे दोन अवयव पन्नासच्या आत आहेत आणि पहिला सापडताच मर्यादा १६० वर येते. आधी वही भरा. मग २३ × ४७ × ५४७ शी पडताळा, आणि ताळा असा: ५ × २ × ७ = ७०, म्हणजे ७; आणि २५ म्हणजेही ७.